मायेचा हात: किती वेळ, कुठे आणि कसा

उद्या सकाळपासून रात्रीपर्यंत एक गोष्ट मोजा. कागदावर दोन रकाने करा. मुलाचे केस विंचरले, आईला जिना उतरताना धरलं, ताप बघायला कपाळाला हात लावला, हे पहिल्या रकान्यात: कामाचे स्पर्श. काहीही काम नसताना जाता जाता खांद्यावर ठेवलेला हात, शेजारी बसल्यावर टेकलेला खांदा, पाठीवरून सावकाश फिरवलेला तळवा, हे दुसऱ्या रकान्यात. दुसऱ्या रकान्यात दोन-तीनच रेघा पडल्या तर दचकू नका. त्याचा अर्थ प्रेम आटलं असा होत नाही. मुलं उंच झाली, दिवस कामात गेले, आणि हात फक्त कामापुरता पुढे जायला लागला, एवढंच. तो परत आणता येतो. त्यासाठी स्वभाव बदलायची गरज नाही. हाताला सवय लावावी लागते, आणि ती कशी लावायची याची ठरावीक रीत आहे.

सावकाश का

त्वचेतून स्पर्श वाहून नेणारे मज्जातंतू एकाच जातीचे नसतात. एक जात जलद. वस्तू खरखरीत आहे की गुळगुळीत, कुठे टोचलं, किती दाब पडला, हे ती क्षणात मेंदूला कळवते. दुसरी जात फार संथ, तिच्यातून संदेश सेकंदाला जेमतेम एक मीटर जातो. या तंतूंना सी-टॅक्टाइल म्हणतात. ते लव असलेल्या त्वचेत असतात: पाठ, खांदे, दंड, मनगट ते कोपर, चेहरा, मांड्या. तळहातात ते अगदी तुरळक. मायेच्या स्पर्शाने जे बरं वाटतं, त्यात या तंतूंचा मोठा वाटा आहे.

यांना वेग लागतो तो ठरावीक. सेकंदाला १ ते १० सेंटीमीटर एवढ्या गतीने हात फिरला तर ते चांगले जागे होतात, आणि सर्वांत जास्त साधारण ३ सेंटीमीटरला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हेच दिसलं की ज्या गतीला हे तंतू जास्त बोलतात, त्याच गतीचा स्पर्श माणसांना जास्त सुखाचा वाटतो. फार जलद फिरवला तर कमी, फार हळू केला तरी कमी. हाताची ऊबही लागते, साधारण ३२ अंश सेल्सिअस, म्हणजे माणसाच्या त्वचेला एरवी असते तेवढीच. गार धातू किंवा गरम पिशवी त्याच गतीने फिरवली तर हे तंतू तितके जागे होत नाहीत.

आता हिशोब करा. मनगटापासून कोपरापर्यंत २५ सेंटीमीटर धरले तर हाताला तिथवर जायला आठ सेकंद लागले पाहिजेत. मानेपासून कमरेपर्यंत ४५ सेंटीमीटर, म्हणजे पंधरा सेकंद. घड्याळ लावून एकदा करून बघा. आपण एरवी पाठीवरून हात फिरवतो तो दोन सेकंदांत खाली पोचलेला असतो, आणि तेवढ्यात लक्ष दुसरीकडे गेलेलंही असतं.

पाठीवरून हात फिरवण्याची कृती

समजा घरातलं माणूस खुर्चीत किंवा पलंगाच्या कडेला दमून बसलं आहे.

आधी हात एकमेकांवर चोळून गरम करा. गार हाताने अंगावर शहारा येतो आणि समोरचा खांदे आखडतो. मग पुढचं सगळं वाया जातं. अंगठीचा खडा आत वळवा, घड्याळ काढा, नखं वाढली असतील तर फक्त तळवा टेकवायचा हे लक्षात ठेवा.

मागून जाऊन अचानक हात ठेवू नका. समोरून किंवा बाजूने या, नजर भेटू द्या, नाहीतर नुसती हाक मारा. आवाज आधी, हात नंतर.

हात पहिल्यांदा ठेवायचा तो दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये, पूर्ण तळवा, बोटं मिटलेली. आणि ठेवल्यावर लगेच हलवायचा नाही. दोन श्वास तसाच राहू द्या. हाताचं आपलं वजन पडेल तेवढाच दाब, वरून रेटा नको. याच दोन श्वासांत समोरच्याचं अंग तुम्हाला सांगतं: खांदे खाली आले, श्वास सुटला, पाठ हाताकडे किंचित झुकली, तर पुढे चला. खांदे वर गेले, श्वास अडला, मान ताठ झाली, तर हात तिथेच हलका करा आणि काढून घ्या.

मग तळवा खाली न्यायचा, कण्याच्या एका बाजूने, कमरेपर्यंत, तीन-चार श्वासांत. सेकंद मोजत बसण्यापेक्षा आपल्या श्वासावर हात बांधून घेणं सोपं जातं, आणि गती आपोआप बरोबर बसते. खाली पोचल्यावर हात न उचलता त्याच गतीने वर आणा, किंवा उचलून पुन्हा खांद्यापासून सुरू करा, दोन्ही चालतं. पातळ कपड्यावरूनही हे नीट पोचतं. फक्त बोटांची टोकं टेकवली तर गुदगुल्या होतात आणि माणूस अंग चोरतं, म्हणून पूर्ण तळवा.

तीन-चार फेऱ्या पुरे. एकाच जागी तोच हात बराच वेळ फिरत राहिला की त्याचं सुख कमी कमी होत जातं. अजून बसायचं असेल तर जागा बदला, दंड घ्या, किंवा केसांतून हात फिरवा. संपवताना हात झटकन उचलू नका. जिथे थांबला तिथे एक श्वास ठेवा आणि मग काढा. एकदम उचललेल्या हाताने समोरच्याला आपल्याला टाळल्यासारखं वाटतं, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

आणि हे करताना दुसऱ्या हातात फोन नको. फोनकडे लक्ष गेलं की गती बिघडते. हात भरभर फिरतो नाहीतर एका जागी निर्जीव पडून राहतो, आणि समोरच्या माणसाला ते बरोबर कळतं.

मिठी

मिठीबद्दल तीनच गोष्टी. एक सेकंदाची मिठी ही औपचारिक भेट असते. ५ ते १० सेकंदांची मिठी लोकांना जास्त सुखाची वाटते असं प्रयोगांत आढळलं आहे, तेव्हा दोन सावकाश श्वास होईपर्यंत सोडू नका. दुसरी गोष्ट, मिठीत पाठ थोपटायला लागलात की समोरचा समजतो आता सोडायची वेळ झाली. थोपटणं शेवटी ठेवा. तिसरी, समोरच्याचे हात सैल झाले की तुम्हीही सोडा. मिठी कधी संपवायची हा हक्क नेहमी आधी सोडणाऱ्याचा.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात ४०४ निरोगी प्रौढांना १४ दिवस रोज संध्याकाळी विचारलं गेलं की आज कुणी मिठी मारली का, कुणाशी खटका उडाला का. नंतर त्यांना मुद्दाम सर्दीच्या विषाणूच्या संपर्कात आणलं. ज्यांना मिठ्या जास्त मिळत होत्या, त्यांच्यात भांडणतंट्याच्या ताणाने संसर्गाचा धोका वाढल्याचं दिसलं नाही. तेवढ्यावरून मिठीला औषध म्हणायचं कारण नाही. पण भांडणाच्या दिवसांत आपण सर्वांत आधी जवळ घेणंच बंद करतो, आणि गरज नेमकी तेव्हाच जास्त असते.

वयाप्रमाणे हात बदलतो

नवजात बाळासाठी त्वचेला त्वचा लागणं हे उपचाराइतकं मोलाचं आहे. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर कमी पडत होते, तेव्हा डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी कमी दिवसांच्या बाळांना आईच्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारू मातृ संगोपन हे नाव त्यालाच पडलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मुदतीआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळांसाठी हे दिवसाला ८ ते २४ तास करावं असं सांगितलं. डॉक्टर-नर्सच्या देखरेखीखाली ते असं करतात: बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. आईच्या उघड्या छातीवर मधोमध उभं ठेवायचं. मान एका बाजूला वळलेली आणि किंचित वर, म्हणजे नाक-तोंड मोकळं राहतं. हनुवटी छातीला टेकली तर श्वास कोंडतो, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. पाय बेडकासारखे बाजूला दुमडलेले. वरून कापड बांधायचं, त्याची वरची कड बाळाच्या कानाच्या खाली यावी, आणि पोटावर कापड घट्ट नको. एका बैठकीला निदान एक तास, कारण दर थोड्या वेळाने उचलठेव झाली की बाळ थकतं. वडिलांनीही हे करावं, त्यांच्या छातीलाही तेवढीच ऊब असते. फक्त बाळ छातीवर असताना सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत डुलकी लागू देऊ नका. झोप येतेय असं वाटलं की बाळ दुसऱ्याकडे द्या.

चालत्याबोलत्या लहान मुलाला जवळ घ्यायला सांगावं लागत नाही, ते स्वतःच येऊन बिलगतं. इथे मोठ्यांनी दोन गोष्टी टाळायच्या. एक, पाहुण्यांना पापी दे, मिठी मार अशी जबरदस्ती. मुलाला नको असेल तर हात हलवून निरोप घेऊ द्या. आपल्या अंगाला कुणी हात लावायचा हे आपण ठरवायचं, हे ते अशा वेळीच शिकतं. दुसरी, गुदगुल्या. गुदगुल्यांचं हसू मुलाच्या ताब्यात नसतं, त्यामुळे हसतंय म्हणजे आवडतंय असं धरू नका. दर काही सेकंदांनी हात पूर्ण काढा. मुलाने पुन्हा ओढला तर करा, नाहीतर तिथेच थांबा.

रडत, आपटत असलेल्या मुलाला लगेच कवटाळू नका. आधी त्याच्या उंचीला खाली बसा, हातभर अंतरावर, हात उघडा ठेवा. ते आत आलं की घट्ट धरा. अशा वेळी हलका हात चालत नाही, भरीव आणि स्थिर हात लागतो. काही मुलांना, विशेषतः स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना, हलका स्पर्श एरवीही काट्यासारखा बोचतो आणि दाबून धरलेलं बरं वाटतं. काहींना तेही नको असतं. त्या मुलाला विचारूनच ठरवायचं, बोलता येत नसेल तर हाताची खूण ठरवून.

सर्वांत जास्त गडबड होते ती मुलं वयात येताना. मुलगा मान झटकतो, मुलगी दार लावून घेते, आणि आईवडील हात मागे घेतात तो कायमचा. विशेषतः वडील मुलीपासून एकदम लांब जातात, सभ्यपणा म्हणून, आणि मुलीला मात्र वाटतं की आपलं काहीतरी चुकलं. या वयात स्पर्श बदलायचा, थांबवायचा नाही. समोरासमोर मिठीऐवजी शेजारी बसून खांद्याला खांदा. मित्रमैत्रिणींच्या देखत नाही. लांबत जाणारा नाही: डोक्यावर दोन सेकंद हात, दाराशी निघताना खांद्यावर थाप, हरून आल्यावर मानेमागे एक क्षण तळवा. सोबत उपदेश नको, अभ्यासाची चौकशी नको. हात ठेवून लगेच प्रश्न विचारला की पुढच्या वेळी तो हात दिसताच पोरगं सरकतं. आपण पुढाकार घ्यायचा तो थोडा, आणि पोर स्वतः येऊन मांडीवर डोकं टाकेल त्या दिवशी हातातलं काम बाजूला ठेवायचं. असे दिवस सांगून येत नाहीत.

नवराबायकोतला हात

इथली नेहमीची अडचण एकच: दिवसभर हात लागत नाही आणि लागतो तो फक्त शरीरसंबंधाची सुरुवात म्हणून. मग दुसऱ्याला प्रत्येक स्पर्शात मागणी दिसायला लागते. हात पुढे आला की अंग आखडतं, पहिल्याला वाटतं आपण नकोसे झालो, तो हात लावायचंच सोडतो, आणि दोघं एकाच घरात महिनोन् महिने कोरडे राहतात. यात कुणाचाच हेतू वाईट नसतो.

उपाय बोलून करायचा, खुणेने नाही. एकमेकांना स्पष्ट सांगा की पुढचे तीन आठवडे काही स्पर्श असे असतील ज्यांच्या पुढे काहीही होणार नाही. दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येकी दहा सेकंदांहून जास्त नाही. उठल्यावर पाठीवर हात, बाहेर पडताना हात हातात, घरी आल्यावर दोन श्वासांची मिठी, झोपताना पायाला पाय. आणि ते वचन पाळायचं, एकदाही मोडायचं नाही. एकदा मोडलं की अंग पुन्हा आखडतं आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

हात हातात घेण्याने काय होतं हे २००६ साली जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआरआयमध्ये पाहिलं. १६ विवाहित स्त्रियांना विजेचा सौम्य झटका बसणार अशी सूचना दिली जात होती. कुणाचाच हात नसताना, अनोळखी माणसाचा हात धरलेला असताना आणि नवऱ्याचा हात धरलेला असताना अशी मेंदूची नोंद घेतली. नवऱ्याचा हात असताना धोक्याला मिळणारा मेंदूचा प्रतिसाद सर्वांत जास्त शांत झाला, आणि ज्यांचा संसार सुखाचा होता त्यांच्यात आणखीच. तेव्हा दवाखान्यात रिपोर्टची वाट बघताना शब्द सुचत नसतील तर हात धरा. तेवढं पुरतं.

म्हातारी आणि आजारी माणसं

वय झालेल्या माणसाला दिवसभर हात लागतात, पण आंघोळीचे, औषधाचे, कपडे बदलण्याचे. त्याच्या दुसऱ्या रकान्यात बहुधा काहीच नसतं. म्हणून त्याच्याशी वागताना एक नियम करा: काम संपल्यावर हात लगेच काढायचा नाही. सदऱ्याचं शेवटचं बटण लावलं की तोच हात अर्धा मिनिट खांद्यावर राहू द्या. वेगळा वेळ काढावा लागत नाही आणि रोज होतं.

हात हातात घेताना त्यांच्या हातावर आपला हात ठेवू नका, त्यांच्या हाताखाली आपला तळवा द्या. वरून ठेवलेला हात दाबून धरल्यासारखा वाटतो आणि त्यांना काढून घेणं जड जातं. खाली दिलेल्या हातावर त्यांना विसावता येतं, धरता येतं, नको असेल तेव्हा सहज उचलता येतं. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाशी तर हे फारच उपयोगी पडतं. त्यांच्याकडे समोरून, त्यांच्या नजरेत राहून, सावकाश जा, आपलं नाव सांगा, हात पुढे करा आणि थांबा. त्यांनी हात दिला की मग जवळ जा. मागून किंवा घाईने धरलं तर ते घाबरून झटकतात, आणि आपण त्याला चिडचिड म्हणतो.

म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी पातळ होते. चोळल्याने ती फाटते, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर बोटांच्या दाबाने काळंनिळं पडतं. म्हणून सपाट तळवा आणि अलगद हात. पक्षाघात झालेल्या बाजूचा हात कधी ओढू नका, खांदा निखळतो. त्या बाजूला संवेदना कमी असेल तर धडधाकट बाजूने जवळ बसा. सलाइन लावलेला हात सोडून दुसरा घ्या. नागीण, केमोथेरपी किंवा मज्जातंतूंचा आजार यांत नुसती चादर लागली तरी आग होते, तेव्हा कुठे हात चालेल हे आधी विचारा. कपाळ किंवा केस चालतात का बघा.

एकटं राहणाऱ्यांसाठी

आपलाच हात आपल्या अंगावर फिरवला तर मेंदू त्याची दखल कमी घेतो. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, तेच कारण. तरी स्थिर हाताचा उपयोग आहे: एक तळवा छातीवर, दुसरा पोटावर, डोळे मिटून २० सेकंद, सावकाश श्वास. २०२१ च्या एका अभ्यासात ताण देण्याआधी असं केलेल्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, न करणाऱ्यांपेक्षा कमी आढळलं. प्रशिक्षित माणसाकडून मालिश, जोडीनं करायचं नृत्य, पाळीव प्राणी, हे सगळं मोजा. आणि मैत्रीण किंवा बहीण भेटली की सरळ सांगा, जरा जवळ घे. मागायला लाज वाटते, पण ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा बरंच वाटतं.

सवय लावायची कशी

२०२४ साली नेचर ह्यूमन बिहेव्हियर या नियतकालिकात १३७ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात एक कामाची गोष्ट निघाली: एका वेळचा स्पर्श किती लांबला यापेक्षा तो किती वेळा झाला याला महत्त्व आहे. म्हणजे रविवारी अर्धा तास बसून पाय चेपण्यापेक्षा रोज पाच वेळा दहा-दहा सेकंद बरे. नवजात बाळांना आईवडिलांचाच हात डॉक्टर-नर्सच्या हातापेक्षा जास्त गुणकारी ठरतो, हेही त्यात दिसलं.

पहिल्या आठवड्यात फक्त एक वेळ ठरवा, घरातून निघताना. ज्याच्या त्याच्या खांद्यावर हात, एक श्वास. दुसऱ्या आठवड्यात परत आल्यावरचा हात जोडा. तिसऱ्या आठवड्यात झोपण्याआधीची पाठ. एकदम सगळं सुरू केलं तर घरच्यांना वाटतं काहीतरी वाईट बातमी आहे, म्हणून पहिल्या दिवशी तोंडाने सांगून टाका, "मला सवय लावायची आहे, नको वाटलं तर सांग."

ज्यांच्या लहानपणी अंगावर फक्त मार पडला, किंवा ज्यांच्याशी कुणी कधी वाईट वागलं, त्यांना चांगला हातही झोंबतो. त्यांच्या बाबतीत आठवडे मोजू नका. शेजारी बसा, मध्ये वीतभर जागा ठेवा, आपला हात त्या जागेत तळवा वर करून ठेवा आणि बोलणं चालू ठेवा. कधी बोटं येऊन टेकतील, कधी येणार नाहीत. आलेली बोटं लगेच मुठीत धरू नका, तळवा उघडाच राहू द्या.